चाकामागचा दगड

फिटरमामांनी आयुष्यात कुठल्याही हँडब्रेकवर विश्वास ठेवला नाही. जीप असो, टेंपो असो, साहेबाची गाडी असो की फुलांनी सजवलेली नवरदेवाची, ती त्यांच्या गॅरेजसमोर थांबली की मामा हातातलं काम टाकून उठत, भिंतीकडेच्या ढिगातला एक दगड उचलत आणि मागच्या चाकाला लावत. मग हात पुसत गाडीवाल्याकडे वळत आणि म्हणत, "हां. आता बोला." त्याआधी कुणाचा नमस्कारही घेत नसत. एकदा एक साहेब भडकले. "अहो, ब्रेक लावलाय मी!" मामा म्हणाले, "तुमी लावलाय वो सायब. त्यानं लावून घेतलाय का, ते कुनी बघितलंय?"

लोधिवलीजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. आत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रोज एक ताजं फूल, आणि त्याच फळीवर मापाप्रमाणे ओळीने लावलेले लोखंडी पाने. शेडच्या मागून एक चढ वर जायचा. चढाच्या टोकाला त्यांचं घर. त्यांचं खरं नाव बोर्डावर होतं, पण उन्हापावसाने ते कधीच उडालं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. चौकपासून खालापूरपर्यंत सगळे त्यांना फिटरमामा म्हणत. मीही म्हणायची. ते मला सिस्टर म्हणत, कारण मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते.

आमची ओळख मात्र गाडीमुळे झाली नाही, मामींच्या पायामुळे झाली. पंचवीसेक वर्षं झाली त्याला. मामांनी एका सकाळी एका जीपचा हँडब्रेक आवळून दिला होता, आणि आपलं काम पक्कं म्हणून तीच जीप घराच्या चढावर उभी करून ते जेवायला बसले होते. मामी खाली कुंपणाच्या कोपऱ्यावर कपडे वाळत घालत होत्या. जीप मागे आली. कुंपणाचा कोपरा ढासळला आणि त्यात मामींचं उजवं पाऊल सापडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, त्यानंतर महिनाभर मी घरी जाऊन ड्रेसिंग केलं. मामी कळवळायच्या, मला शिव्या द्यायच्या, लगेच चहा टाकायला सांगायच्या. मामा दाराबाहेर पाठ करून बसलेले असायचे. महिन्याभरात माझ्याशी एकच वाक्य बोलले, "बिरेक ठीक हाय म्हनलेलो मी, सिस्टर." मामी बऱ्या झाल्या, पण लंगडणं राहिलं. कुंपणाचा तो कोपरा मामांनी कधी बांधून घेतला नाही. तिथले दगड उचलून त्यांनी गॅरेजच्या भिंतीशी रचून ठेवले, आणि चाकाला लागायचे ते हेच दगड.

त्यांची दुसरी खोड म्हणजे जुना पार्ट. गाडीतलं काहीही बदललं, अगदी एक वॉशर जरी बदलला, तरी जुना तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ते गाडीवाल्याच्या हातात ठेवत. लोक म्हणायचे, मामा, हा कचरा घेऊन आम्ही काय करू? "घरी न्या. बघा. काय खराब झालंय ते डोळ्यानं दिसलं पायजे. नाय दिसलं तर मला शिव्या घाला." तालुक्यात कित्येक घरांच्या माळ्यावर असल्या पुड्या अजून पडलेल्या असतील. माझ्या एका मैत्रिणीच्या सुनेने तर दिवाळीच्या साफसफाईत तसली एक पुडी उघडून बघितली आणि आत दागिना असेल या आशेवर पाणी पडल्यामुळे दिवसभर फुगून बसली.

जून लागला की मामांचा एक ठरलेला पाठ असे, आणि तो येईल त्या प्रत्येक गाडीवाल्याला ऐकावा लागे. "पावसात गाडी आठवडाभर उबी ऱ्हानार असंल तर हँडब्रेक मोकळा ठेवा. सपाट जागा बघा, गेरमदी टाका, दगड लावा. नायतर बिरेक गंजून चिकटतो, आनि मग फिटरच्या नावानं बोंब मारता." मला तो पाठ पाढ्यासारखा पाठ होता आणि तेव्हा माझ्याकडे साधी सायकलही नव्हती.

गाडी आली ती निवृत्तीनंतर. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेळेवर जगले. कधी एसटीची वेळ, कधी टेंपोवाल्याची, कधी दवाखान्याच्या जीपची, आणि शेवटी नवऱ्याच्या आजारपणाची. ते गेल्यावर मी ठरवलं की आता आपल्याला वाटेल तेव्हा निघायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मामांकडे गाडी शिकले. एरवी अदबीने "तुमी" म्हणणारे मामा शिकवताना भान हरपत. "अगं बाय, क्लच सोड! हळू गं! ती गाडी हाय, इंजेक्शन नाय खुपसायला!" उतरल्यावर पुन्हा "चला सिस्टर, च्या घेऊ." मग निवृत्तीच्या पैशातून मी विजेवरची गाडी घेतली. मुलगा समीर पुण्याहून म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटलं, याच वयात. कर्जतहून पोशीरला बहिणीकडे जावं, रविवारी वाडीतल्या चार बायकांचं ब्लडप्रेशर तपासून यावं, वाटेत कुणी पोटुशी भेटली तर तिला घरापर्यंत सोडावं, एवढाच माझा संसार, पण तो माझ्या हातात होता.

गाडी घेऊन मी आधी मामांकडे गेले. त्यांनी दगड लावला, हात स्वच्छ धुतले आणि आत बसले. बसल्या बसल्या त्यांचा हात सवयीने दोन सीटच्या मध्ये गेला आणि तिथे काही नाही म्हणून तसाच अधांतरी राहिला. "हिचा दांडा कुठाय?"

"दांडा नाही मामा, बटण आहे. आणि तेही दाबायला लागत नाही. गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागतो."

मी बटण दाबून दाखवलं. मागून घुंऽऽ असा बारीक आवाज आला. मामा त्या आवाजाच्या दिशेने नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बरी हाय," आणि उतरून गेले. जून महिना होता. त्या दिवशी त्यांनी मला पावसाळ्याचा पाठ म्हणून दाखवला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही, मी नव्या गाडीच्या तोऱ्यात होते.

अशी दोन-तीन वर्षं छान गेली. मग एका जुलैत मी बहिणीच्या ऑपरेशनसाठी पंधरा-वीस दिवस मुंबईत अडकले. गाडी कर्जतला, आमच्या बिल्डिंगसमोर उघड्यावर, धो-धो पावसात, ब्रेक लावून उभी. परत येऊन चालू केली तर समोर लाल दिवा, मागून तो घुंऽऽ आवाज अर्धाच, आणि उजवं चाक जागचं हलेना. आमच्याकडे गाडी अडली की ती का अडली हे विचारायच्या आधी चार जण बाह्या सरसावतात. कुणी कपडे वाळत घालायचे टाकून आलं, कुणी मुलाची शिकवणी टाकून. "ताई, तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा!" मी मामांना फोन लावला. ते पलीकडून ओरडत होते, "ढकलू नका! कुनी हात लावू नका!" पण तोवर गाडी सहा फूट सरकली होती. चाक फिरलं नव्हतंच, नुसतं फरफटलं होतं. काँक्रीटवर तो काळा पट्टा अजून आहे.

गाडी ट्रकवर चढून पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला गेली. दोन दिवसांनी फोन आला. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक, त्यावरच्या दोन छोट्या मोटरींसकट, अख्खेच्या अख्खे बदलावे लागतील. पाणी गेलंय, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. आकडा पाऊण लाखाच्या वर होता. मी समीरला सांगितलं आणि सांगितल्याचा लगेच पश्चात्ताप झाला. "आई, विकून टाक. आज ब्रेक, उद्या बॅटरी. मी महिन्याची रिक्षा लावून देतो तुला." पोरगा काळजीनेच बोलत होता. पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं. एका ब्रेकसाठी कुणी रडतं का? मी रडले. रिक्षावाला किती वाजता येईल याची वाट बघत दारात उभी राहिलेली मी मला दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी मामांकडे गेले, रिक्षानेच. सगळं सांगितलं. मामा बराच वेळ एकच पाना फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, मला यातलं काय बी येत नाय."

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मामीसुद्धा चहाचा कप हातात घेऊन उंबऱ्यात थांबल्या.

"आनि चूक माजी हाय," मामा पुढे म्हणाले. "पयल्या दिवशी तुमाला सांगायला पायजे होतं का पावसात बिरेक लावून सोडू नका. जगाला सांगतो मी. पन ते बटन बघितलं आनि गप ऱ्हायलो. म्हनलं, आपल्याला यातलं कळत नाय, कशाला तोंड उघडायचं? लाज वाटली मला. लोखंड ते लोखंडच ना, बटन असलं म्हनून काय गंजनार नाय?"

मी म्हटलं, असू द्या मामा, तुमचा काय दोष. ते म्हणाले, "दोष कुनाचा ते ऱ्हाऊ द्या. येत नाय म्हनून विचारता बी येत नाय, असं कुटं हाय? उद्या मी येतो तुमच्यासंगं."

सकाळी ते कार्यक्रमाला घालायचा पांढरा शर्ट घालून आले. हातात कापडी पिशवी. मला वाटलं डबा असेल. सर्व्हिस सेंटरमध्ये आरसा वाटावा अशी फरशी, काचेची केबिन, थंडगार हवा. आमची गाडी एका कडेला उभी होती. मामांनी पिशवीतून दगड काढला, चमकत्या फरशीवर ठेवला आणि चाकाला लावला. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा हात पुसत त्याच्याकडे वळले. "हां. आता बोला."

मॅनेजर बिचारा भला माणूस. त्याने प्राजक्ता नावाच्या एका मुलीला बोलावलं. अंगात निळा डगला, हातात स्क्रीन, वय फार तर तेवीस. दगड बघून तिने हसू दाबलं ते मला दिसलं. तिने स्क्रीनवर सगळं दाखवलं, भराभर. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, मी जुना मानूस. या पाटीवरचं मला कळत नाय. तू मला चाक खोलून दाखव. काय खराब झालंय ते डोळ्यानं बघू, मग तुमी सांगाल ते बदलू."

तिने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. चाक उतरलं. मामा गुडघ्यावर बसले. हात मात्र मागे बांधलेले, कशालाही लावले नाहीत. प्रश्न तेवढे विचारत राहिले. ही वायर कुठं जाते? ह्यात करंट किती? मोठ्या बॅटरीचा का लहान? प्राजक्ता म्हणाली, "नारिंगी वायर मोठ्या बॅटरीची, तिला हात लावायचा नाही मामा. ही ब्रेकची, साध्या बारा व्होल्टची." हळूहळू तिचंही भराभर बोलणं थांबलं आणि तीही वाकून बघायला लागली. मोटरला वायर जिथे जोडते, त्या प्लगच्या आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. ब्रेक ज्या दोन दांड्यांवर मागेपुढे सरकतो, त्या गंजून जाम झाल्या होत्या.

"मोटर जळलीय का?" मामांनी विचारलं.

"स्क्रीन फॉल्ट दाखवते."

"ते झालं. पन जळलीय का?"

तिने मोटर सोडवून सरळ बॅटरीवर लावून बघितली. घुंऽऽ! अख्खा, सणसणीत आवाज. मोटर शाबूत होती. डावी बाजूही खोलली, ती थोडी गंजलेली, पण ठणठणीत. प्राजक्ता स्क्रीनकडे न बघता मॅनेजरला म्हणाली, "सर, प्लग आणि दांड्यांचा सेट वेगळा मिळतो. आपण नेहमी अख्खं बदलतो म्हणून कधी मागवत नाही." मामा काही जिंकल्यासारखे हसले बिसले नाहीत. मॅनेजरला एवढंच म्हणाले, "सायब, तुमचं खोटं नाय. तुमाला कुनी खोलून दाखव म्हनलंच नसंल."

तीन दिवसांनी काम झालं. खर्च पाऊण लाखावरून जेमतेम मिक्सरच्या किमतीवर आला. मला गाडीत बसून कधी एकदा घरी जाते असं झालं होतं, पण मामा अडून बसले. "बिरेक हाय. अंदाजानं नाय सोडायची." गाडी त्यांच्या घराच्या चढावर न्यायची, असं त्यांनी ठरवलं. प्राजक्ता सुट्टी टाकून आली. ती म्हणाली, फक्त ब्रेकची परीक्षा करायची तर गाडी न्यूट्रलला ठेवायला हवी. तसं केलं. मी, प्राजक्ता, मामी आणि शेजारची एक वजनदार बाई, अशा चौघी आत बसलो. मी दगड कुठे लावू विचारलं. मामा म्हणाले, "दगडाबिगर उबी ऱ्हायली पायजे. मग दगड लावायचा."

आणि ते चालत खाली गेले आणि त्या ढासळलेल्या कोपऱ्यात, बरोबर गाडीच्या मागे, उभे राहिले.

मामी काच खाली करून ओरडल्या, "अवो, बाजूला व्हा! म्हातारपनी खूळ लागलं काय?" मामा हलले नाहीत. "चार बायका बसवायच्या आनि आपन लांब उबं ऱ्हायाचं, असं जमायचं नाय. सिस्टर, पाय काडा पायातल्या बिरेकवरनं." माझा पाय उचलेना. आरशात मला ते दिसत होते, पांढरा शर्ट, हात बाजूला सोडलेले. मामींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "काड गं." मी पाय काढला. गाडी तसूभर हलली नाही. पाच मिनिटं आम्ही चौघी तशाच बसून राहिलो. मग मामा वर आले, दगड लावला, आणि पहिल्यांदा मला त्यांचे डोळे ओले दिसले. प्राजक्ताने वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा पडलेला प्लग माझ्या हातात ठेवला. तो माझ्या शोकेसमध्ये आहे, समीरच्या ट्रॉफीशेजारी.

त्यानंतर प्राजक्ता अधूनमधून रविवारी गॅरेजवर यायला लागली. कोण कुणाला शिकवतंय ते कळत नसे. मामांनी शंभर पानी वही केली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "नारिंगी वायर. हात नाय." थोड्याच दिवसांत शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलेली नवी पाटी दिसली. "बॅटरीच्या गाड्यांचे ब्रेक साफ करून मिळतील. बाकी येत नाही." मी म्हटलं, मामा, येत नाही हे लिहायची काय गरज? "गरज हाय. मागं एकदा गप बसलो तर तुमची गाडी इकायची पाळी आली व्हती."

गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती कफाने भरली. मीच त्यांना पनवेलला नेलं, माझ्या गाडीतून. पुढे बसले होते. त्यांचा हात एकदा दोन सीटच्या मध्ये गेला, तिथे चाचपला आणि परत मांडीवर आला. "बरी चालवतेस गं," म्हणाले. शिकवणं कधीच संपलं होतं तरी त्या दिवशी ते "गं" म्हणाले. आठवड्याभरात मामा गेले.

पुण्यानुमोदनाला मी उशिरा पोचले. घराचा चढ गाड्यांनी भरला होता. जीपा, टेंपो, रिक्षा, दुधाची गाडी, आणि सर्व्हिस सेंटरची एक व्हॅन. मी शेवटी, त्या ढासळलेल्या कोपऱ्याजवळ गाडी लावली आणि बंद केली. घुंऽऽ करून ब्रेक लागला. उतरून वर चालायला लागले आणि मग दिसलं. प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकाला दगड होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. जो तो आला, त्याने भिंतीकडचा एक उचलला, लावला आणि वर गेला. भिंतीशी रचलेला ढीग संपला होता. व्हॅनच्या चाकालासुद्धा होता, प्राजक्ताने लावलेला.

आणि माझ्या चाकाला नव्हता. डिकीत माझा नेहमीचा दगड होता, आणि त्याच दिवशी मी तो विसरले. मी वळले, तर मामी लंगडत खाली येत होत्या, पांढऱ्या साडीत, एकेका चाकाकडे बघत. मला वाटलं, मला बघून गळ्यात पडतील. त्या माझ्या जवळून गेल्या, कोपऱ्यातला उरलेला एक दगड त्यांनी ओढला आणि त्याच उजव्या पायाने तो माझ्या चाकामागे सरकवत नेला, घट्ट बसेपर्यंत. मग पदराने हात पुसले.

"हां," म्हणाल्या. "आता ये वर."